चटणीच्या भांड्याची गच्चीवर बदली

मी तोंड उघडलं की या घरात टीव्हीचा आवाज वाढतो आणि फोनवर असलेला माणूस बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतो. सव्वीस वर्षांत माझं एकही वाक्य कुणी पुरतं ऐकलेलं नाही. आता मी मोटरवरून उतरलंय, आवाज शांत झालाय, तेव्हा जरा बसा. मी मिक्सरचं चटणीचं भांडं बोलतंय.

आम्ही तीन भावंडं. थोरलं ज्यूसचं. त्याचा रुबाब काय विचारता, पाहुणे आले तरच खाली उतरायचं. मधलं सुक्या मसाल्याचं, सदा शिंकत असणारं. आणि मी धाकटं. घरातलं सगळं काम धाकट्याच्या गळ्यात पडतं, तसं माझ्याही पडलं.

वसईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. स्टीलच्या पत्र्याला दोन मशिनांनी दाबलं, तिसऱ्याने बुडाला भोक पाडलं, आणि पोटात चार पाती बसवून मला जगात सोडून दिलं. हंसाच्या भावाने भाऊबीजेला आम्हाला तिच्या घरी आणलं. तेव्हा ती काळाचौकीला राहायची. पुढे भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये फ्लॅट घेतला आणि आम्ही तिघं वर्तमानपत्रात गुंडाळून टेम्पोतून इकडे आलो.

मी हंसाला एकेरी बोलावतंय म्हणून भुवया उंचावू नका. मी कुणालाच अहो-जाहो करत नाही. मिनिटाला हजारो फेऱ्या मारणाऱ्याला तेवढी फुरसत नसते.

हंसाचा नवरा पंढरीनाथ. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, त्यामुळे रिटायर झाल्यावर चुका शोधायला घरात फक्त जेवण उरलं. त्याला रोज चटणी लागायची. डोशाबरोबर, थालिपिठाबरोबर, वरणभाताबरोबरसुद्धा. आणि रोज त्या चटणीत काहीतरी कमी किंवा जास्त असायचं. हंसा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोबरं, कोथिंबीर, मिरची माझ्या पोटात कोंबायची.

हंसा शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. तिथली शिपाई टेरेझा तिची जिवाभावाची मैत्रीण. टेरेझा उत्तनच्या पुढे तारोडीला राहते, तिच्या मुलाच्या नारळीच्या वाडीत सिमेंटच्या टाक्यांमधून रंगीत मासे आहेत. दोघी एकाच दिवशी रिटायर झाल्या. शाळेने दोघींना शाल आणि नारळ दिला. टेरेझाने हंसाला कॉफीच्या दोन बाटल्या दिल्या. एकीत निळा फायटर मासा, दुसरीत त्याची फिकुटलेली बायको.

"शाल काय कुनी बी देतंय," टेरेझा म्हणाली, "ही हलतात तरी."

रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात हंसाने सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. दुसऱ्या महिन्यात पंढरीनाथचं कपाट रिकामं केलं आणि पुन्हा भरलंच नाही. तिसऱ्या महिन्यात तिने मोबाईलवर बघून त्या दोन माशांना एका टबात सोडलं. निळ्याने पाण्यावर बुडबुड्यांचं घर बांधलं आणि चौथ्या दिवशी त्या घराखाली पिल्लं लोंबायला लागली. दोनशेच्या वर असतील.

पंढरीनाथ चष्मा वर करून म्हणाला, "स्वल्पविराम सांडल्यासारखे दिसतायत."

हंसाने त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक भरवला. तोही माझ्यातच फिरवून. पण त्या स्वल्पविरामांना हलणारं खाणं लागतं, मेलेलं ते तोंडात धरत नाहीत. बलक तळाशी बसला, कुजला, आणि नवव्या दिवशी टबात एकही पिल्लू उरलं नाही.

त्या दिवशी हंसाने स्वयंपाक केला नाही. बाल्कनीत टबाशेजारी स्टूल टाकून बसली. कांद्याचं रडणं आणि बिनकांद्याचं रडणं यातला फरक मला चांगला कळतो. पंढरीनाथने दोन वेळा आत-बाहेर केलं, मग पाव खाल्ला आणि पेपर वाचत बसला. ज्याचं काम चुका काढायचं, त्याला सांत्वनाचं खातं कुणी दिलेलं नसतं.

संध्याकाळी टेरेझाचा फोन आला. हंसाने तो स्पीकरवर ठेवला होता.

"रडू नको गो. निळा हाय ना? मंग पुन्ना होतील. उद्या मी डॅफ्नियाला घेऊन येतंय."

पंढरीनाथने हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, खालच्या बेकरीतून खारी आणली आणि हॉलमधल्या सोफ्याचं कव्हर सरळ केलं. टेरेझा एकटीच आली. हातात पाण्याची एक लिटरची बाटली.

"आणि त्या?" पंढरीनाथने दाराबाहेर डोकावून विचारलं.

"कोन त्या?"

"डॅफ्नियाबाई."

टेरेझाने बाटली उजेडात धरली. आत राईच्या दाण्याएवढे जीव उड्या मारत होते. शेकड्यांनी. टेरेझा इतकी हसली की तिला खारी लागायच्या आधी पाणी लागलं.

डॅफ्निया म्हणजे पाण्यातल्या पिसवा. चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. पाण्यातलं बारीक हिरवं काहीबाही गाळून खातात आणि माशांच्या पोटात जातात. एकच डोळा, आणि अंग काचेसारखं. आत काय चाललंय ते सगळं बाहेरून दिसतं. माणसांत ही सोय नाही, नाहीतर अर्धी लग्नं ठरलीच नसती.

"यांना खायला काय?" हंसाने विचारलं.

"यीस्ट, पालक, वाटान्याचा पीठ. बारीक वाटून, गालून, पान्यात सोडायचा."

हंसाने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी ओट्यावर पालथं होतं. माझ्या पात्यांना तेव्हाच कळलं.

तर असं मी पिसवांचा स्वयंपाक करायला लागलं. पण हंसाचा हात म्हणजे पस्तीस वर्षं माणसांना आग्रह करणारा हात. "घ्या अजून थोडं" हे तिच्या मनगटातच आहे. तिने त्या जिवांना पहिल्याच दिवशी वाटीभर यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी अजून एक वाटी, तिसऱ्या दिवशी वरून पालक. पाणी ताकासारखं पांढरं झालं. चौथ्या दिवशी बाल्कनीतून असा वास सुटला की शेजारच्या सलोनीने आपलं ड्रेनेज तुंबलं समजून प्लंबर बोलावला. पिसवा सगळ्या तळाशी गेल्या होत्या. कायमच्या.

टेरेझा पुन्हा आली. उत्तनहून बस, मग रिक्षा, हातात दुसरी बाटली. तिने टब पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"हंसा, ही काय तुझ्या जावयाची मान्सा हाय? नको-नको करून खातील? पान्याचा दूध करून ठेवलास. दम कोंडून मेली बिचारी."

"उपाशी राहतील असं वाटलं गं."

"उपाशी कोन न्हाय मरत इतक्यात. हे बघ. थोडा घालायचा. पानी जरासा गढूल झाला का हात काढून घ्यायचा. दोन दिवसांनी टबात हात घाल कोपरापर्यंत. बोटा दिसली तर पानी सफा झाला, त्यांनी खाल्ला. मंग परत घाल. बोटा न्हाय दिसली तर तोंडात मारून घे स्वतःच्या, पन घालू नको."

हंसाने हे सगळं शब्दन् शब्द कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. तोंडात मारून घेण्याचंसुद्धा.

यानंतर हंसा बदलली. नळाचं ताजं पाणी पिसवांना चालत नाही, एक-दोन दिवस शिळं करावं लागतं. भाईंदरमध्ये त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. पाणी येतं तेव्हा भरून ठेवायची सवय आहेच. एका टबात तिने नुसतं पाणी उन्हात ठेवून हिरवंगार होऊ दिलं. रोज सकाळी माझ्यात मूठभर पालक, दोन चमचे वाटाण्याचं पीठ, चिमूटभर यीस्ट. दळून झालं की जुन्या ओढणीतून दोनदा गाळायचं. चमच्याने सोडायचं. थांबायचं. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून बोटं बघायची. पस्तीस वर्षांत घरातल्या कुणाला किती वाढलं ते तिने मोजलं नव्हतं. या राईएवढ्या जिवांसाठी ती चमचे मोजत होती.

आणि त्या वाढल्या. यीस्टवरच्या पिसवा किडकिडीत, फिक्या असायच्या. हिरव्या पाण्यातल्या दुप्पट अंगाच्या झाल्या, पोटातली नळी हिरवी, पाठीवर अंड्यांची पिशवी गच्च. हंसा ते पंढरीनाथच्या भिंगातून बघायची. मुद्रितं तपासायचं पितळी भिंग, ज्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती.

"सगळ्या बायकाच आहेत गं," तिने टेरेझाला फोनवर सांगितलं. "मी वाचलं. दिवस चांगले असले की बायका बायकांनाच जन्म देतात. नर लागतच नाही. पाणी बिघडलं, खाणं संपलं की मग नर जन्माला येतात."

"आपल्या शालंत उलटा झाला," टेरेझा म्हणाली, "सगला नीट चाललेला तवा हेडमास्तर आयला."

निळ्या माशाने पुन्हा घर बांधलं. यावेळी पिल्लांना पहिले काही दिवस हिरव्या पाण्यातलं बारीकसारीक मिळालं आणि मग पिसवांची पिल्लं. स्वल्पविरामांची पोटं फुगलेली दिसायला लागली. पिसवांचा कुटुंबविस्तार तीन टबांवर गेला. बाल्कनी पुरेना, म्हणून हंसाने टब गच्चीवर नेले आणि वरून जुन्या मच्छरदाणीचे तुकडे बांधले.

इकडे खाली पंढरीनाथला शोध लागला. एका सकाळी त्याने डोशाचा घास चटणीत बुडवला आणि थांबला.

"हंसा, या चटणीला बिअरचा वास येतोय."

"तुम्हाला बरा ओळखू आला."

तो ओट्याशी आला. माझं झाकण उघडून नाक आत घातलं. मला दोनदा साबणाने घासलं होतं, पण यीस्ट झाकणाच्या रबरात जाऊन बसतं, त्याला मी काय करणार? मग त्याला भिंगही सापडलं. त्यावर पाण्याचे डाग.

"म्हणजे ज्या भांड्यात पिसवांचं रांधतेस त्यातच माझी चटणी?"

"भांडं माझ्या भावाने दिलंय."

"आणि भिंग कुणाच्या भावाने दिलं?" त्याचा आवाज चढला. "एक काहीतरी ठरव. या घरात पिसवा राहतील नाहीतर मी."

त्याला वाटलं ती लगेच माघार घेईल. हंसाने गॅस बारीक केला. डोसा उलटला. तव्यावरून उतरवला. दुसरा घातला. मग म्हणाली, "मला दोन दिवस द्या."

अबोला सुरू झाला तो तिथून. पंढरीनाथ उडप्याकडून पिशवीतली चटणी आणायला लागला. पातळ, पांढरी, चारित्र्यहीन. ती खाताना तो माझ्याकडे असा बघायचा जसं मी त्याला सोडून पळून गेलंय. दोन दिवसांचे नऊ झाले. हंसाने उत्तर दिलं नाही आणि पंढरीनाथही घर सोडून गेला नाही. जाणार कुठे, इस्त्रीचे शर्ट कुठे ठेवलेत तेही त्याला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत डेंग्यू आला. बी विंगमधले दोघं आजारी पडले. तिसरी आमचा सेक्रेटरी गुणवंतभाई, त्याची बायको. तिचे प्लेटलेट उतरले, पाच दिवस हॉस्पिटलात होती. गुणवंतभाई तसा भला माणूस, पण बायकोच्या उशाशी बसून बसून त्याची झोप उडाली होती आणि डोक्यात एकच होतं, गच्चीवर हंसाबेनचे तीन टब आहेत आणि त्यात काहीतरी वळवळतं.

रविवारी सकाळी हंसा खाणं घेऊन गच्चीवर गेली. मी तिच्या हातात, पोटात ताजं वाटण. वर दहा-बारा माणसं आधीच उभी. गुणवंतभाईने डासांच्या तपासणीला फिरणाऱ्या एका मुलीलाही बोलावून आणलं होतं. पिंकी तिचं नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च.

"हंसाबेन, सॉरी," गुणवंतभाई म्हणाला, "आज ये सब खाली करना पडेगा. मेरी वाइफ मरते मरते बची है."

खाली घरातल्या टबात माशांची पिल्लं होती, तीन आठवड्यांची. हे तीन टब ओतले तर ती आठवड्यात संपणार. शाळेच्या ऑफिसात इन्स्पेक्टरपासून पालकांपर्यंत सगळ्यांना गप्प करणारी बाई ही. आज नुसती टबाच्या आड जाऊन उभी राहिली.

पिंकीने मच्छरदाणी सोडली आणि टॉर्च मारला. बराच वेळ बघितलं. टबावरून हात फिरवून सावली पाडली.

"ये मच्छर नहीं है, अंकल. मच्छर की अळी ऊपर लटकती है, छाया पडते ही नीचे भागती है. ये तो उछल रहे हैं. जाळी टाईट बांधा मावशी, म्हणजे डास अंडी घालणार नाही."

गर्दीला हे आवडलं नाही. रविवारी सकाळी जिने चढून आल्यावर काहीतरी ओतलेलं बघायची लोकांची अपेक्षा असते.

"पण वास येतो त्याचं काय?" नीलेश म्हणून चौथ्या मजल्यावरचा एकजण म्हणाला. "त्या दिवशी सगळी बिल्डिंग घाण झाली होती. गटाराचं पाणी घालतात यात."

"गोबर डालते हैं, मैंने सुना," दुसरा कुणी.

"पालक आहे," हंसा म्हणाली. आवाज एवढासा. "पालक आणि वाटाण्याचं पीठ."

"पालक को इतना बास?" गुणवंतभाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "इसमें क्या है, सच बोलो."

जिन्याच्या दारातून पंढरीनाथ बाहेर आला. हाफ पॅन्ट, बनियन, हातात अर्धा खाल्लेला पाव. नाश्ता टाकून आरडाओरडा ऐकून वर आला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग हंसाकडे. ती दोन्ही हातांनी मला छातीशी धरून उभी होती.

तो सरळ चालत आला. माझं झाकण काढलं. दोन बोटं आत घातली, हिरवं वाटण पावावर फासलं, आणि घास घेतला.

पंढरीनाथ चावत होता. शांतपणे, जसं एखाद्या पानावर चूक शोधतोय. गिळलं. दुसरा घास घेतला. तोही गिळला. मग हंसाकडे वळून म्हणाला,

"मीठ नाही घातलंस."

नऊ दिवसांनी तो तिच्याशी बोलला.

"त्यांना मीठ चालत नाही," हंसा म्हणाली.

"पंढरीभाई, आप ठीक हो?" गुणवंतभाईचा चेहरा उतरला होता.

"एकदम. घ्या की तुम्ही पण. पाव आहे अजून खाली."

"लसूण है इसमें?"

"नाही."

गुणवंतभाईने माझ्या तोंडात डोकावून बघितलं आणि एक पाऊल मागे सरकला. "आज मेरा उपवास है."

पिंकी पहिली हसली. मग सगळेच. ठरलं ते असं, की टब राहतील, जाळी घट्ट राहील आणि दर रविवारी गुणवंतभाई स्वतः टॉर्च घेऊन तपासेल. तो अजून येतो. हल्ली बायकोलाही आणतो. टॉर्च मारून "बेबीलोग कैसे है" विचारतो.

कच्चं यीस्ट पोटात गेल्यावर काय होतं ते पंढरीनाथला दुपारी कळलं. तो संध्याकाळपर्यंत कणकेसारखा फुगत होता. हंसा ओव्याचं पाणी देत होती आणि दर वेळी स्वयंपाकघरात येऊन तोंडावर पदर धरून हसत होती. मधलं मसाल्याचं भांडं म्हणालं, शोभतं का हे? मी म्हटलं, तू तुझी हळद बघ.

त्या वेतातली एकशे चाळीस पिल्लं जगली. निळी, लाल, एक अगदी पांढरं. टेरेझाने ती बघितली आणि म्हणाली, "माज्या पोराची बी इतकी बरी होत न्हाय." हंसाने हे वाक्य दिवसभरात चार वेगवेगळ्या माणसांना फोन करून सांगितलं.

पंढरीनाथने नवा मिक्सर आणला. माझ्या अंगावर काळ्या मार्करने स्वतःच्या हाताने लिहिलं: माशांचं. मग थोडा विचार करून ते खोडलं आणि वर दुरुस्ती केली: माशांच्या जेवणाच्या जेवणाचं. सवय जात नाही माणसाची. जुन्या मोटरसकट माझी गच्चीवर बदली झाली, जिन्याच्या खोलीत. चटणी सुटली म्हणून मला वाईट वाटलं का? थोडं. पण सव्वीस वर्षं माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली गेली, आणि इथे जेवणारे दुसऱ्या दिवशी अंडी घालायचे. यापेक्षा मोठी पावती कोणत्या भांड्याला मिळते?

पंढरीनाथही वर यायला लागला. भिंग आता त्याने टबाशेजारी दोरीने बांधलंय. कोपरापर्यंत हात घालून बोटं बघतो आणि खालच्या मानेने सांगतो, "स्वच्छ झालंय. घाल आता." कुणाच्या पोटात किती गेलं, कुणाच्या पाठीवर अंडी किती, कोण फिकं पडलंय, सगळं त्याला कळतं. दोन महिने तो हेच बघतोय.

मागच्या मंगळवारची गोष्ट. दुपारचा दीड वाजला असेल. हंसाने सकाळपासून तिन्ही टबांना घातलं होतं, माशांना घातलं होतं, पंढरीनाथला वाढलं होतं, आणि आता मला धुऊन पुसत होती. पंढरीनाथ भिंगाला डोळा लावून बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं,

"जेवलीस का?"

हंसाला वाटलं तो पिसवांशीच बोलतोय. ती मला पुसत राहिली.

"अगं, तुला विचारतोय. जेवलीस का तू?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस मी ओट्यावरून बघितली आहेत. हा प्रश्न या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि हंसाचा चेहरा सांगत होता की माझ्या आधीच्या नऊ वर्षांतही तिने ऐकला नसावा. तिची बोटं सैल झाली आणि मी सुटलं. गच्चीच्या लादीवर पडलं, एक उडी खाऊन पुन्हा पडलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

मला उचलायचं कुणाला सुचलं नाही. पंढरीनाथ खाली गेला. बऱ्याच वेळाने ताट घेऊन वर आला. पोळी थंड होती, भाजी सांडलेली होती, आणि चटणीचं विचाराल तर ती नव्हतीच. हंसा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून जेवली. तो समोर बसून होता. "अजून थोडं घे" म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो नुसता बघत होता.

तेव्हापासून माझ्या बुडाला पोचा आहे. पाती अडकली आहेत, ती फिरवणारा बुशही गेलाय. दुरुस्तीवाल्याने मला हातात फिरवून "फेक दो" म्हटलं. हंसाने मला पिशवीत घालून परत आणलं. आता माझ्यात गाळायची ओढणी आणि चमचा असतो. दळायचं काम मधल्याकडे गेलंय. हळदीचं खानदान पालक वाटतंय, मला बघून बरं वाटतं.

मला कुणाबद्दल तक्रार नाही. भंगारात गेलं तरी चालेल, खूप जगलं मी. जाता जाता एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात सगळ्यांना वाढणारं कुणी असेल, त्याला एकदा विचारा जेवलास का, जेवलीस का. फक्त विचारायच्या आधी बघून घ्या, त्याच्या हातात आमच्यापैकी कुणी नाही ना.